कार्यालयातील इंटरनेट फोन: एसआयपी यूडीपीवर ठेवावे की टीसीपीवर न्यावे?

मूळ मत (मार्केट यार्ड, सांगली)

आमच्या अडत पेढीतील फोनांचे एसआयपी (फोन लावण्या-जोडण्याचे संदेश पाठवण्याची पद्धत) मी यूडीपीवरून टीसीपीवर (इंटरनेटवर माहिती वाहून नेण्याच्या या दोन पद्धती) आणले आहे आणि यार्डातील इतर पेढ्यांनीही तसेच करावे, असे माझे ठाम मत आहे. ऐन हळदीच्या सौद्यांत परगावच्या खरेदीदारांचे फोन आमच्याकडे वाजतच नसत; मात्र दिवाणजींनी एखादा फोन बाहेर लावला की पुढचे काही क्षण येणारे फोनही बिनबोभाट लागत. फोनने कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरकडे नोंदणी केली की राऊटर परतीची वाट उघडी ठेवतो, पण यूडीपीत कायमची जोडणी नसल्याने थोडा वेळ काहीच आले-गेले नाही तर ती वाट मिटते. आमच्या राऊटरची ही मुदत ३० सेकंदांची होती आणि फोन पुन्हा नोंदणी करत होते ते ३,६०० सेकंदांनी. टीसीपीची वाट राऊटर कितीतरी अधिक वेळ जपतो.

उत्तर (कुपवाड एमआयडीसी)

आपले निदान अचूक आहे, उपाय मात्र मला पटत नाही. दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवण्याची सोय बहुतेक फोनांत असते. तेवढ्याने यूडीपीची वाट उघडी राहते. त्याआधी राऊटरमधील एसआयपी एएलजी (एसआयपीच्या संदेशांत ढवळाढवळ करणारी सोय) बंद करावे, कारण ते संदेशातील पत्ते परस्पर बदलते आणि मग एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. शिवाय प्रत्यक्ष बोलणे आरटीपी या आवाज वाहून नेणाऱ्या पद्धतीने जाते आणि तेही यूडीपीवरूनच, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे वीज गेली की इंटरनेट दुसऱ्या लाइनवर जाते. त्या वेळी टीसीपीवरचे फोन तुटलेली जोडणी बराच वेळ धरून बसतात, असा आमचा अनुभव आहे.

मूळ लेखक

२५ सेकंदांचा उपाय मला मान्य आहे. तरीही एसआयपीचे नियम ठरवणाऱ्या २००२ च्या आरएफसी ३२६१ या दस्तऐवजामध्येच सांगितले आहे की मार्गावरून एका वेळी किती मोठे पॅकेट जाऊ शकते हे ठाऊक नसेल आणि एसआयपीची विनंती १,३०० बाइटांपेक्षा मोठी असेल, तर ती टीसीपीसारख्या वाहतुकीनेच पाठवावी. माझी खरी काळजी मात्र गोपनीयतेची आहे. आमचे दर फोनवर ठरतात. आवाज एसआरटीपीने (आरटीपीच्या सुरक्षित रूपाने) कुलूपबंद केला, तरी त्याची किल्ली सहसा एसआयपीच्या संदेशातूनच जाते. तो संदेश यूडीपीवर उघडा गेला, तर कुलपाबरोबर किल्लीही वाटेवरच्याच्या हाती पडते. म्हणून टीएलएस (संदेशच कुलूपबंद करणारी पद्धत) हवे, आणि एसआयपीत ते टीसीपीवरच चालते.

उत्तर (कुपवाड एमआयडीसी)

किल्लीचा मुद्दा बिनतोड आहे. फोनवर भाव ठरवणाऱ्या पेढीला टीएलएस हवेच. मात्र ते लावण्यापूर्वी फोनांना वेळ पुरवणारा एनटीपी सर्व्हर नेमून द्यावा. वीज येऊन फोन सुरू झाल्यावर आमच्या एका फोनच्या पडद्यावर १ जानेवारी १९७० ही तारीख होती, आणि त्या तारखेला सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र वैध नसल्यामुळे तो दुपारपर्यंत नोंदणीच करू शकला नाही.