स्वान्स ऐकायला घेतलाय, सुरुवात कुठल्या अल्बमपासून करावी?

खर्ज: न्यूयॉर्कचा हा बँड १९८२ पासूनचा, पण माझ्या कानावर आत्ता आला. क्रमाने ऐकावं म्हणून 'फिल्थ' (१९८३) लावला, तर सगळी गाणी सारखीच वाटतात. 'द सीअर'चं (२०१२) शीर्षकगीत ३२ मिनिटांचं, तिथे शिरायची हिंमत होत नाही. फोन आणि साधे इअरफोन आहेत.

मंद्रसप्तक: या बँडला कालक्रम लावू नका. 'फिल्थ' आणि 'कॉप' (१९८४) मध्ये चाल जवळजवळ नाहीच. एकच जड ठोका मुद्दाम संथ लयीत पुन्हा पुन्हा आदळतो. कान सुरावट शोधत राहिला की कंटाळा येणारच.

'चिल्ड्रन ऑफ गॉड' (१९८७) घ्या. पहिलं गाणं जुन्या पद्धतीचं, दणदणीत. लगेच दुसऱ्यात बँडची गायिका जार्बो हिचा मऊ आवाज. बँडचा मुख्य गायक मायकल गिरा याचा राकट, खालच्या पट्टीतला आवाज आणि तिचा आवाज असे आलटून पालटून येतात, म्हणून दोन्ही टोकं एकाच अल्बममध्ये कळतात. मग थेट 'द सीअर'. त्यात ३२ मिनिटांच्या गाण्याआधीची तीन गाणी गाळू नका. दुसऱ्या गाण्यात एकच तुकडा कितीतरी वेळ घोटला आहे. तिथे लक्ष सुरावटीवरून काढून ठोक्यातल्या बारीक फरकांवर ठेवा. ते जमलं की लांबी जाचत नाही. 'फिल्थ'कडे नंतर या, तो वेगळाच ऐकू येईल.

दीडदांडी: आधी फोनची सेटिंग बघा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य, शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद. आवाज समान करण्याची सोय प्रत्येक गाण्यासाठी चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर हळू गाणं वर आणि दणदणीत गाणं खाली ओढलं जातं आणि 'चिल्ड्रन ऑफ गॉड'चा सगळा धक्काच जातो. इअरफोनचे रबर कानात घट्ट बसायला हवेत. फट राहिली की खालचा बेस गळतो, उरतो फक्त कर्कशपणा, आणि मग माणूस आवाज वाढवत नेतो.

तिथेच धोका आहे. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. 'द सीअर' जवळपास २ तासांचा आहे. कान वाजू लागले तर त्या दिवशी पुन्हा लावू नका.

खर्ज: 'साउंडट्रॅक्स फॉर द ब्लाइंड'चं (१९९६) नाव सगळे घेतात. तो कधी?

मंद्रसप्तक: सगळ्यात शेवटी. दोन तासांहून मोठा, त्यात लूप्स (पुन्हा पुन्हा फिरणारे ध्वनीचे तुकडे), जुनी ध्वनिमुद्रणं, बोलण्याचे तुकडे. पहिल्याच फेरीत गाणी शोधायला गेलात तर विस्कळीत वाटेल.

दीडदांडी: मधे 'व्हाइट लाइट फ्रॉम द माउथ ऑफ इन्फिनिटी' (१९९१) हवाच. सुरावटीची ओढ असलेल्याला तर मी 'द सीअर'च्याही आधी तोच देईन.