मदत हवी आहे: सफरचंदं दाबताना रस कमी आणि लगदाच जास्त बाहेर येतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात हेरफर्डशरमध्ये राहतो, म्हणजे सायडरच्या (सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूच्या) मुलखातच. परसात ब्रॅमली जातीच्या सफरचंदाचं जुनं झाड आहे आणि शेजारच्या बागेतली डॅबिनेट जातीची सफरचंदं गोळा करायची परवानगी मिळाली आहे. ब्रॅमली शिजवून खायची, चांगलीच आंबट. डॅबिनेट गोडसर-तुरट, खास सायडरची. दोन्ही मिसळून घरच्यापुरती आंबवलेली सायडर करायची आहे.

अडचण रस काढण्यात आहे. हाताने फिरवायची दातेरी रुळाची चक्की आहे (इथे तिला स्क्रॅटर म्हणतात) आणि लाकडी पट्ट्यांच्या पिंजऱ्याचा, मधोमध स्क्रू असलेला प्रेस. 10 किलो ब्रॅमली दळून पिंजरा काठोकाठ भरला, तर रस जेमतेम साडेतीन लिटर. स्क्रू आवळला की लगदा फटींतून बाहेर येतो आणि मधला चोथा ओलाच राहतो. फूड प्रोसेसरमध्ये आणखी बारीक केलं तर रस वाढेल का? दळलेलं लगेच दाबायचं की रात्रभर ठेवायचं? आता डॅबिनेटची पाळी आहे आणि इतक्या चांगल्या फळांचा रस चोथ्यात गेलेला बघवत नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद

फूड प्रोसेसर नकोच. लगदा फार बारीक झाला की चिकट होतो, रसाला निघायला वाट उरत नाही आणि बियाही भरडल्या जातात. जाड्या पोह्यांएवढे तुकडे हवेत.

फटींतून लगदा येतोय म्हणजे पिंजऱ्यात कापड नसावं. नायलॉनची जाळीदार पिशवी लावा. काठोकाठ भरू नका, कमी लगदा घेऊन मध्ये कापडाचे थर द्या. मुख्य म्हणजे घाई नको: थोडं आवळा, धार मंदावेपर्यंत थांबा, मग पुन्हा आवळा. शेवटी चोथा बाहेर काढून हाताने मोकळा करा आणि परत दाबा. 10 किलोला पाच-सहा लिटर मिळायला हरकत नाही.

डॅबिनेट पडल्यावर हवेशीर जागी एक-दोन आठवडे ठेवा. अंगठा दाबल्यावर खळगा पडला की दळा. पिठूळ होऊ देऊ नका, तशा फळांचा नुसता गाळ होतो. ब्रॅमली लगेच दाबा. डॅबिनेटचा लगदा काही तास ठेवला तर रंग गडद होतो आणि तुरटपणा जरा उतरतो, तो तुमच्या आवडीचा प्रश्न. पेक्टिनेज (फळातलं चिकट पेक्टिन मोडणारं विकर) घातलंत तर रस सुटायला मदत होते. उघडं लोखंड मात्र कुठेही लागू देऊ नका, टॅनिनमुळे (तुरटपणा देणाऱ्या द्रव्यामुळे) रस काळपट पडतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! प्रेसबरोबर पिशवी आलीच नव्हती, आज मागवते. मिश्रणात ब्रॅमली किती घ्यावी?

प्रतिसाद

तीन भाग डॅबिनेटला एक भाग ब्रॅमली घेऊन सुरुवात करा आणि पीएच मोजा (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). डॅबिनेटमध्ये आम्ल फार कमी असतं, नुसत्या तिच्या रसाचा पीएच 4 च्या वर जाऊ शकतो. मिश्रण 3.8 च्या खाली आलं की बिघडवणारे जिवाणू बरेच आवरतात. नाही आलं तर ब्रॅमलीचा रस थोडा थोडा वाढवत न्या. त्यासाठी दोन्ही रस आधी वेगवेगळेच काढून ठेवा.