वेचणीच्या दिवसांत घरकामाला कोणी मिळत नाही, तेव्हा घर कसे चालवावे?

प्रश्न: राळेगावची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका लहान गावात राहते आणि तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यजमान कास्तकार आहेत. आमचे नऊ एकर कोरडवाहू वावर असून त्यातील पाच एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे. सासूबाईंचे वय ७२ आहे आणि गुडघेदुखीमुळे त्यांना ओट्यापाशी उभे राहणे किंवा खाली बसून भांडी घासणे जमत नाही. मुलगा नववीत आहे आणि मुलगी सहावीत.

धुणीभांडी आणि झाडलोट करायला गावातील एक ताई येतात. त्यांचे काम स्वच्छ आहे आणि स्वभावही मायेचा आहे. मात्र दसरा उलटला की सोयाबीनची सोंगणी व तिच्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, आणि संक्रांत होईपर्यंत त्या येऊ शकत नाहीत. पहाटे घरचा स्वयंपाक उरकून त्या वावरात जातात आणि कापूस मोजून दिल्यावर दिवेलागणीला परततात. वेचणीच्या एका महिन्यात त्यांच्या हाती जे पडते, ते माझ्याकडच्या तीन महिन्यांच्या पैशांहून अधिक असते. त्यामुळे त्यांना अडवण्याचा मला काहीच अधिकार नाही.

अडचण अशी की नेमक्या त्याच काळात आमच्या घरचे कामही दुप्पट होते. वेचणाऱ्या बायांचा चहा करावा लागतो, नळाला तीन दिवसांआड पाणी येते, आणि शाळेत परीक्षा व माहिती भरण्याची कामे एकाच वेळी अंगावर येतात. मागील वर्षी मी पहाटे चारला उठून रात्री अकराला झोपत होते, आणि जानेवारीत ताप अंगावर काढत वर्गात उभी होते.

यंदा शेजारच्या काकूंनी सुचवले की ताईंच्या जागी त्यांच्या मुलीला सकाळ-संध्याकाळ बोलवावे. ती माझ्या मुलीच्याच वर्गात शिकते. माझ्या मनाला हे पटत नाही, परंतु नकार दिल्यावर घर कसे चालवायचे हेही उमगत नाही. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

उत्तर: निवृत्त परिचारिका, आर्वी

ताई, आधी त्या मुलीविषयी लिहिते. तुमच्या मनाने दिलेला नकार योग्य आहे आणि त्यावर ठाम राहावे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नोकरीच्या काळात मी ज्या गावांत फिरले तिथे ‘फक्त सकाळ-संध्याकाळ’ म्हणून कामाला लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दिवाळीनंतर त्यांची शाळा एक दिवसाआड होत असे आणि होळीपर्यंत त्यांचे नाव केवळ हजेरीपटावर उरत असे. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तेव्हा हे मी अधिक काय सांगावे.

आता घराविषयी. माझ्या मते तुमच्या अडचणीवरचा उपाय ऑक्टोबरात शोधून मिळणार नाही, तो मार्च ते मे या महिन्यांत करावा लागतो. हरभरा निघाल्यापासून पेरणीपर्यंत कोरडवाहू गावात बायांच्या हाताला वावरातले काम जवळजवळ नसते, आणि नेमके त्याच काळात लग्नसराईमुळे त्यांना पैशांची निकड असते. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना त्या दिवसांत रोजाने अधिक काम द्या. मुगवड्या, सरगुंडे, शेवया, कुरड्या, पापड, वाळवलेली मेथी आणि गवार, वर्षभराचे तिखट, तुरीची डाळ भरडून व ऊन देऊन ठेवणे, ही सगळी कामे मेमधल्या आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात झटपट होतात. सायंकाळी शाळेतून आल्यावर मूठभर मुगवड्या तेलावर परतून रस्सा ठेवला की भाजी निवडण्या-चिरण्याचा अर्धा तास वाचतो. आमच्या घरी वेचणीचे अडीच महिने आठवड्यातून तीन दिवस वाळवणाचीच भाजी होत असे.

सासूबाईंनाही कामातून वगळू नका. भाजी निवडणे, लसूण सोलणे, शेंगा फोडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करणे ही कामे खुर्चीवर बसून होतात. खुर्चीच्या उंचीचा एक टेबल त्यांच्यासमोर ठेवा. म्हातारपणी आपला घराला उपयोग आहे ही जाणीव गुडघ्यांच्या गोळीइतकीच आवश्यक असते, हे मी रुग्णांच्या सहवासात शिकले.

उत्तर: हिंगणघाटची लेक

माझी आई वीस वर्षे लोकांकडे धुणीभांडी करत आली आणि दर हंगामात कापूसही वेचत आली, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते. वरच्या काकूंचे उन्हाळ्याविषयीचे म्हणणे मला फार पटले. माझ्या आईला उन्हाळ्यात काम असते तर आमच्यावर उसनवारीची वेळ आली नसती.

आमच्याकडे सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, करार गुढीपाडव्याला ठरतो. कामाचे स्वरूप, पैसे, धान्य, सुट्ट्या हे सर्व त्या दिवशी बोलले जाते. घरकाम करणाऱ्या बाईशी असे कोणी बसून बोलत नाही, आणि मग वेचणी आली की ‘न सांगता गेली’ असा बोल लागतो. तुम्ही पाडव्याला त्या ताईंना चहाला बोलवा आणि वर्षाचा हिशोब मांडा. किती महिने रोज येणार, वेचणीत कधी येणार नाहीत, उन्हाळ्यातील जास्तीच्या कामाचा रोज किती, हे ठरवून वहीत लिहा. वेचणीचा भाव गावात किलोमागे ठरतो आणि शेवटच्या वेच्यांना झाडावर कापूस विरळ असल्याने तो वाढतो. त्या भावाशी घरकामाची बरोबरी होणार नाही, परंतु परत आल्यावर आपले काम आपल्यालाच मिळेल एवढी खात्री असली तरी माणूस निर्धास्त होतो. माझ्या आईचे काम दोनदा वेचणीनंतर दुसऱ्या बाईला दिले गेले होते.

आणखी एक गोष्ट. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या भागात वेचणी बहुधा बंद असते आणि मजुरीचा चुकाराही त्याच दिवशी होतो. त्या सकाळी दोन तास येऊन चादरी, सतरंज्या आणि वावरातले मळके कपडे धुऊन देता येतील का, असे ताईंना विचारून पाहा. पण तो त्यांचाही आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस असतो, हे ध्यानात ठेवून वेगळे पैसे द्या, आणि त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका. मुलीला बरोबर आणू नये, हेही आपुलकीने सांगा.

ताईंची ई-श्रमवर नोंदणी झाली नसेल तर तेवढी करून द्यावी. २०२१ पासून असंघटित कामगारांची ही नोंदणी सुरू आहे आणि त्यात घरकाम करणाऱ्याही येतात. आईला हे कोणी सांगितले नव्हते.

उत्तर: दिग्रसचा कास्तकार

ताई, आपल्या प्रश्नात सर्वांचा उल्लेख आहे, पण यजमान आणि मुलगा घरातले कोणते काम करतात याविषयी एक शब्दही नाही. हे मी टोचून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याविषयीही कोणी काही लिहू शकले नसते. ऐन वेचणीत पत्नीची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी दोन महिने वजन उचलू नका असे सांगितले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आपल्या घरात रोज पाण्याचे किती गुंड भरले जातात.

तेव्हापासून पाणी मी भरतो. वेचणाऱ्या बायांचा चहा घरून नेणे मी बंद केले. वावरातच तीन दगडांची चूल मांडली, जळणाला तुराट्या (तुरीच्या काड्या) तिथेच असतात, चहा मीच करतो. मुलाने आपले ताट धुवायचे आणि कपडे रात्री भिजवून सकाळी पिळून वाळत घालायचे असे ठरले. पहिल्या आठवड्यात त्याने तोंड वाकडे केले, आता त्याला सांगावे लागत नाही. आपल्या घरीही मुलीच्या वाट्याला जितके काम येईल तितकेच मुलाच्या वाट्याला यावे, अशी माझी विनंती आहे.

कास्तकारांच्या घरांसाठी आणखी एक सांगतो. भाव वाढेल या आशेने आपण कापूस घरातच साठवतो. त्याने झाडलोट वाढते, आणि फार दिवस पडून राहिला तर घरच्यांच्या अंगाला खाजही सुटते. शक्य असल्यास तो झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, त्या खोलीत दिवा, उदबत्ती किंवा चूल जवळपासही नसावी, आणि कापूस भरताना घातलेले कपडे इतर कपड्यांत मिसळू नयेत. माझ्या पत्नीचे अर्धे धुणे एवढ्यानेच आटोक्यात आले.

उत्तर: दर्यापूरची सून

आम्ही खारपाणपट्ट्यातले, म्हणजे खारट पाण्याच्या भागातले, त्यामुळे स्वयंपाक आणि पाणी यांविषयीच लिहिते. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेसही येत नाही. म्हणून आम्ही डाळ शिजवण्यापुरते गोडे पाणी वेगळे राखतो. डाळ रात्री किंवा निदान अर्धा तास आधी भिजवली तर कुकरच्या शिट्ट्या कमी लागतात. चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आंबट पदार्थाने ती मऊ व्हायला वेळ लागतो.

ज्वारीचे पीठ आठवड्यापुरतेच दळावे. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग भाकर थापताना तुटते आणि सकाळचा वेळ त्यातच जातो. नाइलाजाने जुने पीठ वापरावे लागले तर कढत पाण्यात भिजवावे. गव्हाची कणीक मात्र थंडीच्या दिवसांत रात्री मळून, तेलाचा हात लावून झाकून ठेवली तर सकाळी चांगली राहते.

तीन दिवसांआड पाणी येते म्हणजे तुमच्याकडे साठवण असणारच. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाकी आणि रांजण रिकामे करून आतून घासावेत, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. या कामासाठी नळ येण्याचा आदला दिवस निवडावा, म्हणजे पाणी वाया जात नाही. घाईच्या दिवसांत हे राहून जाते आणि मग आजारपणात आठवडा जातो.

प्रतिसाद: राळेगावची शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दिग्रसच्या दादांचे उत्तर मी यजमानांना आणि मुलाला वाचून दाखवले. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा मी उठण्यापूर्वीच ते बाहेर गुंड भरत होते. वावरातल्या चहाचेही त्यांनी मान्य केले आहे. मुलाशी बोलणे अजून सुरू आहे.

काल संध्याकाळी ताईंकडे गेले होते. मुलीला कामावर पाठवण्याची त्यांचीही इच्छा नव्हती. मी विचारले तर नाही कसे म्हणावे, या संकोचात त्या होत्या. बाजाराच्या दिवशी येण्यास त्या तयार आहेत, पण दर बाजाराला नाही, एकाआड एक. पैसे आम्ही वेगळे ठरवले. वर्षाचा करार पाडव्याला करू, असे त्याच म्हणाल्या. त्यांची मुलगी संध्याकाळी माझ्या मुलीबरोबर आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसणार आहे, कारण ताई वावरातून येईपर्यंत ती घरी एकटीच असते.

वाळवण यंदा राहून गेले. आर्वीच्या काकूंना एक विचारायचे आहे. आत्ता ऑक्टोबरच्या उन्हात थोड्या मुगवड्या घातल्या तर नीट वाळतील का, की बुरशी येईल?

उत्तर: निवृत्त परिचारिका, आर्वी

वाळतील, मात्र आकाराने लहान घाला आणि पाऊस पूर्ण उघडल्यावरच घाला. एका बाजूने सुटल्या की उलटवा, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्या, आणि फोडल्यावर आतूनही कोरडी लागली तरच डब्यात भरा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस लागतात, आत्ता पाच-सहा दिवस धरा. उलटवण्याचे काम सासूबाईंना द्या. बाज अंगणात त्यांच्या खुर्चीजवळ ठेवली की झाले.