बाळगुटीतली मुरुडशेंग: सहा महिन्यांच्या आत द्यावी का?

मीरा: भाचीचं बाळ दीड महिन्याचं आहे. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडतं, म्हणून घरात गुटी सुरू करायचं चाललंय. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, सगळं उगाळून. माझं मत स्पष्ट आहे: सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. जागतिक आरोग्य संघटना पाणीसुद्धा नको म्हणते. मोठ्यांनी मुरड्यावर शेंग उगाळून घ्यायला माझी हरकत नाही, पण बाळाला कशाला?

कुसुमआजी: आमच्या घरातली सगळी पोरं गुटीवर वाढली गं. आईच्याच दुधात उगाळायची, सहाणेवर एक वेढा. तेवढ्यानं दूध जेमतेम रंगतं. त्याला तुम्ही औषधाचा मारा म्हणता?

मीरा: आजी, राग मानू नका. हे रडणं दीड महिन्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. नेमकी तेव्हाच गुटी चालू असते, म्हणून गुण तिचा वाटतो. आणि सहाण, बोटं, वर्षानुवर्षं डब्यात पडलेली शेंग, यातलं काय उकळलेलं असतं?

रानवाट: शेंगेला झोडपू नका. सह्याद्रीच्या पानझडी रानात केवणीचं, म्हणजे मुरुडशेंगेचंच, झुडूप पावसाळ्यात बघा: विटकरी लाल फुलं, जुनी झाली की निळसर पडतात. फुलचुख्यांची ये-जा असते. सालीचा वाख काढून दोर वळतात. शेंग वाळली की पीळ दिलेल्या सुंभासारखी दिसते. चव तुरट, म्हणून ढाळ लागल्यावर देतात. घरातून गुटीच गेली तर हे झुडूप ओळखणारं कोण राहील? बुरशी लागलेली शेंग टाका, ताजी आणा, पण वापर सोडू नका.

मीरा: ओळख रानात जाऊनही टिकते. त्यासाठी दीड महिन्याचं बाळ कशाला हवं?

आयुर्वेद_विद्यार्थी: सगळं एका पारड्यात घालू नका. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेनं 1968 मध्ये ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. जायफळानं गुंगी येते. बाळ शांत झालं म्हणजे पोट बरं झालं असं नाही. मुरुडशेंग त्या मानानं सौम्य, पण इतक्या लहान बाळाला किती द्यावी याचं खात्रीचं माप आपल्याकडे नाही. वेढा हे माप हातागणिक बदलतं. बाळाला ताप, हिरवट उलटी किंवा शीमध्ये रक्त असेल तर सहाण बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा.

कुसुमआजी: वेखंड, जायफळ वगळते. शेंगेचा एक वेढा मात्र माझ्या नातवाला मी देणार.

मीरा: निदान सहा महिने होईपर्यंत थांबा आजी, एवढंच मागते.