मीटर रूममधल्या पिल्लाला अंघोळ घालायची का?

सुनीता (बी-१०३): नमस्कार सगळ्यांना. आपल्या गेटवरची पांढरी मांजर गाडीखाली गेली, तिचं एक पिल्लू मीटर रूममध्ये सापडलं. आमच्याकडे आणलंय. डोळे उघडलेत, दात आत्ता कुठे टोचायला लागलेत. पितंय बरं, पण लई घाण राहतंय ओ. हनुवटीला दूध वाळलेलं, शेपटीखाली चिकटलेलं. स्वतःला चाटतच नाही. अंघोळ घालावी का?

आज्जी (बी-२०१): घाल की. कोमट पाणी, डाळीचं पीठ, चिमूटभर हळद. ओंकारला लहानपणी असंच घालत होते.

ओंकार (बी-२०१): आज्जी, ग्रुपवर नको ना 😭

सेक्रेटरी काका: पाणी परवा येणार आहे. अंघोळी बेतानं.

मेघा (ए-३०४): वहिनी, अंघोळ अजिबात नको. साधारण ४ आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. भिजलं की बघता बघता गार पडतं, आणि गार पिल्लाला दूध पचत नाही. बाहेर ४० च्या वर तापमान असलं तरी आपण घरात फॅन, कूलर लावतोच की.

सुनीता (बी-१०३): मग तसंच घाण ठेवू?

मेघा (ए-३०४): नाही, आईनं जे केलं असतं तेच आपण करायचं. मांजरीच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्याची असतात त्याच केराटिनचे. आई दिवसभर चाटून पिल्लू साफ करते. अगदी लहान असताना तर तिनं चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू स्वतः चाटायला लागतं. ती ओढ उपजतच असते, आपण फक्त तिला वाट करून द्यायची.

टर्किश टॉवेलचा हातरुमालाएवढा तुकडा घ्या. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. प्रत्येक दुधानंतर आधी हनुवटी, मग गाल, कानामागं, पाठ, पोट आणि शेवटी शेपटीखाली. लांब हात फिरवायचा नाही, चाटल्यासारखे छोटे छोटे. वाळलेलं दूध ओढून काढू नका, ओला तुकडा थोडा वेळ तिथं धरा, आपोआप सुटतं. शेपटीखालचा तुकडा वेगळा ठेवा. झालं की लगेच कोरड्यानं पुसून उबेला ठेवायचं.

अण्णा (सी-४०१): टॉवेल नवा घेऊ नका ओ. नवा टॉवेल पाणी पीत नाही. पुष्कळ धुतलेला जुना घ्या. माझ्याकडं आहेत, कापून कडा शिवून देतो. सगळं आयुष्य त्या मागांवरच गेलंय.

मेघा (ए-३०४): वा अण्णा! पण टॉवेल फक्त पुसायला हं, अंथरायला नको. इतक्या लहान वयात पिल्लाला नखं आत घेता येत नाहीत, टॉवेलच्या लूपमध्ये अडकतात. ओढाताणीत पाय मुरगळतो.

अण्णा (सी-४०१): मग खाली चादर घाला. सोलापुरी चादरीला लूप नसतात. आपल्या सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेललाही जीआय आहे, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी ओळख. एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही.

आज्जी (बी-२०१): दूध कुठलं देतीस गं?

सुनीता (बी-१०३): पिशवीतलं, पाणी घालून.

मेघा (ए-३०४): ते आजपासून बंद. गायी-म्हशीच्या दुधानं त्याला जुलाब होतात. शेपटीखाली सारखं चिकटतंय ते बहुतेक त्यामुळंच. मांजराच्या पिल्लांची पावडर मिळते, पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारा. पाजताना पालथं ठेवा, उताणं धरलं की दूध फुप्फुसात जाऊ शकतं. रोज वजन करा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढलं पाहिजे. जुलाब थांबले नाहीत तर उद्याच डॉक्टरांकडे.

ओंकार (बी-२०१): ताई, त्याच्या मानेवर काळे काळे दाणे आहेत. माती आहे का?

मेघा (ए-३०४): ओल्या कापसावर ठेवून बघ. तांबडट डाग पसरला तर पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे त्यात पिल्लाचंच रक्त. बारीक दातांच्या फणीनं विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. कुत्र्यांची पावडर किंवा ड्रॉप्स लावायचे नाहीत! त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजरं त्यानं मरतात. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या, एवढ्याशा जिवाला पिसवांनीसुद्धा रक्त कमी पडतं. आणि तुला नख किंवा दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि घरी सांगायचं. लपवायचं नाही.

सेक्रेटरी काका: १५ मिनिटं वाहतं पाणी 🙄

मेघा (ए-३०४): काका, रेबीजपुढं टाकी महत्त्वाची नाही. तुमच्याकडंच दुसरं काम आहे. बी विंगच्या जिन्यात फिनाईल मारतात ते थांबवाल का?

सेक्रेटरी काका: ते कशाला? मग मुंग्या, वास, तक्रारी. सगळे मलाच धरतात.

मेघा (ए-३०४): फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला नीट मोडता येत नाहीत. आत्ता ते घरात आहे, पण दोन-तीन आठवड्यांत पळायला लागेल. फरशीवरचं सगळं पंजाला लागणार आणि ते पंजा चाटणार. आपण चाटायला शिकवायचं आणि खाली विष पसरायचं, असं होईल. डेटॉलचंही तेच, वहिनी. पिल्लाच्या अंगाला किंवा पुसायच्या पाण्यात एक थेंबसुद्धा नको.

गिरीश (सी-२०३): एक बोलू का? या मांजरी माझ्या गाडीच्या सीटवर नखं मारतात. आणखी एक वाढवायलाय सगळे मिळून. पाच महिन्यांनी तिचीच पाच होतील.

मेघा (ए-३०४): दादा, बरोबर आहे तुमचं. नसबंदी वेळेत करायची, ४-५ महिन्यांचं झालं की. ते माझ्यावर. लस आठव्या आठवड्यापासून.

गिरीश (सी-२०३): लिहून ठेवा मग ग्रुपवर.

मेघा (ए-३०४): हेच लिहिणं समजा 😄

*रविवार*

सुनीता (बी-१०३): पावडर चालू केली, जुलाब थांबले. पुसून घ्यायला लागलंय गप्प. पण मीच पुसतेय अजून. ते कधी शिकणार?

मेघा (ए-३०४): आता थोडं कमी करा. पुसता पुसता ते मान वळवून चाटायला बघतं का? बघितलं की हात थांबवायचा आणि त्याला करू द्यायचं. अगदी लख्ख करत बसू नका, त्याच्यासाठीही काहीतरी शिल्लक ठेवा. पुढच्या पंजावर त्याच्या मऊ खाण्याचं बोट लावा, चव लागली की पंजा तोंडात जातो. आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या, कोरडाच. डोक्यावर, मानेवर हळू फिरवा. बऱ्याच पिल्लांची जीभ तेवढ्यानं आपोआप बाहेर येते.

ओंकार (बी-२०१): मी केलं ब्रशनं! ते हवेतच चाटायलंय. समोर काहीच नाही!!

आज्जी (बी-२०१): खरंच गं. मी बघितलं. येडं आहे.

सुनीता (बी-१०३): आत्ता पंजा चाटून कानावरून फिरवला एकदा. मागचा पाय वर करायला गेलं आणि कलंडलं.

मेघा (ए-३०४): कलंडू दे, तोल यायला वेळ लागतो. शेपटीखाली अजून पोचणार नाही, तेवढं तुम्हीच पुसत राहा. पुढं कधी चाटायचं अचानक बंद केलं, केस राठ दिसले, तर आजारी आहे असं धरून डॉक्टरांना दाखवायचं.

सेक्रेटरी काका: बी विंगच्या तळमजल्यावर आणि जिन्यात उद्यापासून साध्या साबणाचं पाणी. मावशींना सांगितलंय. मुंग्या झाल्या तर मेघाकडं पाठवीन.

सुनीता (बी-१०३): थँक्यू काका 🙏 शुक्रवारी आम्ही तुळजापूरला जाऊन येणार. दिवसभर कोण ठेवून घेईल? दुधाच्या वेळा लिहून देते.

ओंकार (बी-२०१): मी!

आज्जी (बी-२०१): शाळा आहे तुला.

अण्णा (सी-४०१): माझ्याकडं आणा. मी घरीच असतो. जेवणाच्या वेळेला तेवढं दार लावून ठेवतो.

मेघा (ए-३०४): अण्णा, शेंगा चटणी-भाकरी खाल्ल्यावर हात साबणानं धुऊन मगच उचला हं. लसूण, कांदा मांजराच्या रक्ताला वाईट. तुमच्या हाताचं ते चाटणारच.

अण्णा (सी-४०१): धुतो की ओ. दोनदा धुतो.