सीपीआर पुतळ्यावरच

'व्हिडिओ बघून कोणी जीव वाचवायला शिकत नाही' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने कोविडशी लढणाऱ्यांसाठी 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर 'आयगॉट' नावाचे प्रशिक्षण कोर्स सुरू केले, तेव्हा आशाताई, पोलीस, नर्स यांना एका हॉलमध्ये बसवणं शक्यच नव्हतं. पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख, उतरवायचा क्रम मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघूनच डोक्यात बसतो.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवण्याचं, मात्र वेगळं. मिनिटाला १०० ते १२० दाब, हे स्क्रीनवर कळतं. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायला किती जोर लागतो, ते सरावाच्या पुतळ्यावर हात टेकल्याशिवाय नाही कळत! नवखे लोक बिचकत वरवर दाबतात, नाहीतर दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊच देत नाहीत. आणि दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, ते हात भरून आल्यावरच पटतं.