झांझिबार: आईला घेऊन स्टोन टाउन आणि मसाल्याची बाग पाहायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमची शेती आहे; कपाशी, सोयाबीन आणि दोन एकरांत वायगाव हळद. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टांझानियातल्या दार-ए-सलामला असतो आणि तिथून बोटीने सुमारे दोन तासांवर असलेल्या झांझिबार बेटावर आईसह दोन दिवस जाण्याचा आमचा बेत आहे. आई ६८ वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात, पण मन खंबीर आहे.

तिला लवंगेचे झाड पाहायचे आहे. लवंग म्हणजे न उमललेली कळी, हे मी सांगितले तेव्हा तिने डब्यातली एक लवंग रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी टोकावरची गोल टोपी नखाने सोडवली आणि आतले केसासारखे तंतू खिडकीच्या उजेडात बराच वेळ न्याहाळले. हळकुंडात काडी सहज शिरली की हळद शिजली, हे जिने हयातभर कढईजवळ उभे राहून पारखले, तिला वाळवणही जवळून पाहायचे असणार. म्हणूनच माझी काळजी आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका मसाल्याच्या बागेत आम्हाला चार पाने चुरगाळून वास दिला आणि अर्ध्या तासात विक्रीच्या दुकानात नेऊन उभे केले. मिरी किती दिवस वाळवता, या आईच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि ती परतीच्या गाडीत फारशी बोलली नाही.

किझिंबानी आणि किडिची या भागांतल्या बागांमध्ये सहली जातात, असे वाचले. तिथे खरोखर तोडणी करणारा, चटईवर कळ्या वाळत घालणारा शेतकरी भेटतो का, की बाग केवळ पाहुण्यांसाठी राखलेली असते? लवंगेचे बहुतेक उत्पादन शेजारच्या पेंबा बेटावर होते, त्यामुळे ही शंका आहे. पोळा झाल्यावर आणि सोयाबीन सोंगणीला येण्याआधी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर, आम्हाला सवड मिळते. त्या दिवसांत झाडावर कळ्या दिसतील का, हे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरे, गावाबद्दल. स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागातल्या, गल्ल्या अरुंद असून तिथे पायीच फिरावे लागते, मात्र घरांबाहेर ‘बाराझा’ नावाचे दगडी ओटे असतात. त्यांवर परक्या बाईने टेकलेले चालते का? गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला आणि त्याच जागेवर चर्च उभे राहिले; तिथल्या तळघराच्या कोठड्यांत उतरायला पायऱ्या किती अवघड आहेत? ही जागा आईने पाहावी, असे मला मनापासून वाटते, कारण एकोणिसाव्या शतकात लवंगेच्या बागांत राबलेली माणसे याच व्यवहारातून विकत घेतलेली होती, आणि तो भाग वगळून केवळ सुगंध घेऊन परतणे मला बरोबर वाटत नाही. त्यासाठी आधी गाव आणि दुसऱ्या दिवशी बाग, दोन्हीकडे एकच वाटाड्या, असे ठरवता येते का? घाई न करता, दर काही पावलांवर थांबणारा कोणी मिळाल्यास थोडे जास्त पैसे देण्याची तयारी आहे. भावाला स्वाहिली येते, तेव्हा भाषेची अडचण नाही.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ती तयारी चालू आहे. रोप किंवा बियाणे परवान्याशिवाय आणता येत नाही, हेही ठाऊक आहे. पण वाळलेली लवंग आणि दालचिनी घरापुरती आणताना विमानतळावर कोणाला अडचण आली होती का? आईला गावातल्या बायकांसाठी थोडी थोडी लवंग वाटायला आणायची आहे, आणि तिने त्यासाठी पुरचुंड्यांची फडकीही आतापासून धुऊन ठेवली आहेत.